खतखत्यातून बटाटा काढला तर

मराठीतलं कुठलंही पाककृतींचं पुस्तक उघडा. वर पदार्थाचं नाव, खाली साहित्य, त्याखाली कृती. किती वाट्या, किती चमचे, किती माणसांना पुरेल, सगळं असतं. महिना नसतो. सणाचा पदार्थ असेल तर सणाच्या नावावरून महिना कळतो, तेवढंच. रोजची आमटी, रोजची भाजी, रोजचं तोंडीलावणं मात्र बारा महिने सारखंच, जणू स्वयंपाकघराला खिडकीच नाही.

हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया' १९१० साली निघालं, कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० साली आली. 'रुचिरा'ने वाटी-चमच्याचं माप घरोघरी पोचवलं आणि आईपासून लांब गेलेल्या मुलींचा संसार सावरला. ते ऋण मोठं आहे. पण मापाने एक गोष्ट नकळत शिकवली, की साहित्य हे नेहमी हाताशी असतंच. 'वरून कोथिंबीर भुरभुरावी' हे वाक्य मराठी पाकशास्त्रात इतक्यांदा येतं, की ती कोथिंबीर श्रावणात चिखलाने भरलेली असते, वैशाखात महाग असते आणि चातुर्मासात आपल्यातल्या कित्येक घरांत येतच नाही, हे वाचणारीच्या लक्षातही येत नाही. महिना तिने आपल्या मनाने घालायचा. जुन्या बायका घालत होत्या. प्रश्न आत्ताच्यांचा आहे, ज्यांना घरात विचारायला कुणी नाही.

आता याच्या उलट टोकाचं लिखाण आलंय. ऋतूप्रमाणे खा, स्थानिक खा, रानातलं खा. गोव्यात तर याला भरतीच आली आहे. पहिला पाऊस पडला की टायकिळ्याचे फोटो, मग कुडुक, तेरें, मग अळंबी, मग कोवळा वेळूचा कोंब. मला यातल्या उत्साहाचं कौतुक आहे. डिचोलीच्या बुधवारच्या बाजारात आजूबाजूच्या खेड्यांतल्या बायका पाल्याच्या जुड्या घेऊन बसतात, त्यांच्या पदरात चार पैसे पडत असतील तर ते चांगलंच. पण या लिखाणात एक गृहीत आहे ते तपासायला हवं: ऋतूचं अन्न म्हणजे त्या ऋतूत उगवलेलं अन्न.

जैन घरातली बाई इथेच अडखळते. पावसाने जे जे दिलं ते जवळजवळ सगळं आपल्या निषेधाच्या यादीत. पाला नको, कारण त्या दिवसांत पानापानावर बारीक जीव असतात. अळंबी नको. वेळूचा कोंब अनंतकायात मोडतो. कणगी, सुरण, माडी हे तर कंदच. म्हणजे गोव्यात श्रावण जसजसा हिरवा होत जातो तसतसं आपलं ताट फिकट होत जातं. मग एक तर नियम सैल करायचा, नाहीतर 'आमचं जैनांचं वेगळं' म्हणत वर्षभर त्याच चार भाज्या शिजवायच्या. पेडणे-डिचोलीतल्या आपल्या घरांत मला हे दोन्ही प्रकार दिसतात आणि दोन्हींत एकच समजूत दिसते, की ऋतू एका बाजूला आणि धर्म दुसऱ्या बाजूला.

मला हे पटत नाही. आणि ते गोव्याकडे बघूनच पटत नाही.

गोव्यात पावसाळ्याची तयारी मे महिन्यात होते, तिला पुरुमेंत म्हणतात. शब्द पोर्तुगिजांकडून आला, रीत त्याआधीची असणार, कारण इथला पाऊस पोर्तुगिजांनी आणलेला नाही. भिरंडांची सोलं करायची. म्हणजे फळ फोडून बी काढायची, साल त्याच्याच रसात बुडवायची, उन्हात टाकायची, परत रसात, परत उन्हात, सालं काळी होईपर्यंत. कैरीच्या फोडी मिठाला लावून आमशी करायची. फणसाचे पापड, आंब्याची साठं. हरमलची मिरची वाळवून ठेवायची (२०२१ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं, पेडणेकरांना तिचं महत्त्व त्याआधीपासून माहीत होतं). मीठ आगरवाड्याच्या मिठागरांतलं. भाताचं पीक निघाल्यावर त्याच शेतात जमिनीतल्या ओलीवर आलेले अळसांदे सुकवून डब्यात. फणसाच्या बिया तांबड्या मातीत घोळवून कोपऱ्यात.

आता मला सांगा, आषाढ-श्रावणात इथल्या घरात रोज काय शिजत होतं? अळसांद्यांचं तोणाक, मुगाचं काही, सोलांची कढी, भाजलेला पापड, आमशी घातलेली आमटी. म्हणजे मेमधलं ऊन. ज्या टायकिळ्याचं एवढं कौतुक चाललंय तोसुद्धा एकटा शिजत नाही, त्यात त्याच मातीत ठेवलेल्या फणसाच्या बिया घालतात. हिरवा पाला ही चव बदलणारी गोष्ट होती, पोट भरणारी नव्हे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सहाव्या अध्यायात ऋतुचर्या सांगितली आहे. तिथेही वर्षा ऋतूत जुनं धान्य खायला सांगितलंय, जुना यव, जुना गहू, जुनी साळ. अग्नी मंद असतो म्हणून. नवं, ओलं, कोवळं खा असं नाही सांगितलं.

म्हणजे पावसाळ्याचं अन्न हे बरंचसं साठवणीचं अन्न आहे, आणि चातुर्मासातलं जैन घर नेमकं तेच खातं. कडधान्य, वाळवण, पापड, कोकम. आपला नियम गोव्याच्या पावसाशी भांडत नाही, तो इथल्या पुरुमेंताच्या शेजारी पाट मांडून बसतो. हे ना ऋतूचं कौतुक करणाऱ्यांनी सांगितलं, ना आपल्या जैन पाककृतीवाल्यांनी.

खरं म्हणजे ऋतूचा इतका बारीक हिशेब आपल्या मर्यादांत आहे तेवढा मी कुठल्या पाककृतीत पाहिला नाही. पिठाची मर्यादा घ्या. दिगंबर परंपरेत दळलेलं पीठ थंडीत सात दिवस, उन्हाळ्यात पाच, पावसाळ्यात तीन. श्वेतांबरांकडे मिठाईचा काळ थंडीत तीस दिवस, उन्हाळ्यात वीस, पावसाळ्यात पंधरा. हवेत ओल किती यावर ठरलेली ही गणितं आहेत. जुलैत डिचोलीत तांदळाचं पीठ डब्यात चार दिवस ठेवून बघा, वास बदलतो, गुठळ्या होतात, कधी जाळी धरते. 'दोन वाट्या तांदळाचं पीठ' असं लिहिणारीला ते पीठ कधीचं आहे याच्याशी कर्तव्य नसतं. आपल्या आजीला होतं.

किंवा आंब्याचं घ्या. श्वेतांबर घरांत, विशेषतः मूर्तिपूजकांत, आर्द्रा नक्षत्र लागलं की आंबा बंद. म्हणजे साधारण २१-२२ जून. गोव्यात मानकुराद तोवर संपतच आलेला असतो आणि पावसाचं पाणी लागलेल्या आंब्यात अळी निघते हे इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. जैन नसलेली माणसंसुद्धा त्यानंतर आंबा कापताना बाठीकडे नीट बघतात. नियम कुणी केला तेव्हा त्याच्यासमोर असाच कापलेला आंबा असणार. पण हा नियम सांगताना आपण नुसतं 'आर्द्रानंतर चालत नाही' एवढंच सांगतो. का, आणि मग त्या जागी काय, हे मुलींना सांगत नाही. मग मुली म्हणतात, आमच्यात सगळं नाहीच असतं.

आणि हे 'त्या जागी काय' याचं उत्तर आपली जैन पाककृतींची पुस्तकं फार वाईट देतात. बटाट्याच्या जागी कच्चं केळं, कांद्याच्या जागी कोबी, लसणाच्या जागी हिंग. झालं. या सूत्रावर पावभाजी होते, कटलेट होतं, सामोसा होतो, आणि हे सगळं जानेवारीतही तसंच आणि ऑगस्टमध्येही तसंच. कच्च्या केळ्याशी माझं वैर नाही, पुढे त्याची बाजू घेणारच आहे. माझा आक्षेप असा की हा स्वयंपाक बटाट्याची आठवण काढत केलेला असतो. ज्या पदार्थाचा जीवच बटाटा आहे तो पदार्थ निवडायचा, त्यातून जीव काढायचा आणि मग त्या जागी कुणीतरी उभं करायचं. खाणाराला सतत वाटत राहतं की काहीतरी कमी आहे. कमी असतंच.

याच्या उलट काही पदार्थ असे असतात की त्यात जिन्नसाचं नाव ठरलेलं नसतं, काम ठरलेलं असतं. गोव्याचा शिवराक स्वयंपाक अशा पदार्थांनी भरलेला आहे आणि आपण त्याच्याकडे पुरेसं बघितलेलं नाही. सोमवारी, श्रावणात, देवाच्या दिवशी इथल्या हिंदू घरांत कांदा-लसूण बाद असतात. त्यामुळे त्यांच्या चवीची बैठक कांद्यावर नाही. ओलं खोबरं, सुकी मिरची, तिरफळ, मोहरी, गूळ आणि आंबट काहीतरी, एवढ्यावर ती उभी आहे. आणखी एक सोय आहे, ती सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. आपल्याकडे द्विदलाचा नियम, कच्चं दही-ताक आणि डाळ एकत्र नको. देशावरच्या जेवणात त्यासाठी सारखं सांभाळावं लागतं. गोव्यात आंबटपणा सोलांतून, चिंचेतून, आंबाड्यांतून, बिमलांतून येतो. ताकाची जागा नारळाच्या रसातल्या सोलकढीने घेतलेली. तिच्यातली लसूण तेवढी वगळली की डाळीशेजारी तिचं काही अडत नाही.

तवसळी बघा, सावंतवाडीकडे तिलाच धोंडस म्हणतात. तांदळाचा रवा, गूळ, खोबरं, वेलची. भाद्रपदात त्यात तवशाचा कीस पडतो, वैशाखात फणसाचा रस. सांगाडा तोच. इथली बाई दोन वेगळ्या पाककृती पाठ करत नाही, तिला एकच येते आणि ओल कुठून आणायची ते ती बाजारात ठरवते. फणसाला गोडी जास्त म्हणून गूळ कमी, तवशाला पाणी जास्त म्हणून रवा आधी भाजून घ्यायचा. बदल एवढाच आणि तो जिभेला माहीत असतो.

पण खरी परीक्षा खतखत्याची.

चतुर्थीला गोव्यात खतखतें होतं. निदान पाच भाज्या, कुणी सात-नऊ म्हणतात. तुरीची डाळ, खोबऱ्याचं वाटप, हळद, सुकी मिरची, सोलं किंवा चिंच, गूळ, ठेचलेलं तिरफळ. फोडणी नाही, वरून कच्चं खोबरेल. यात कांदा-लसूण मुळातच नाही, त्यामुळे आपल्याला वाटतं हा तर आपलाच पदार्थ. मग भाज्यांची यादी बघावी: बटाटा, रताळं, सुरण, मुळा. निम्मं खतखतें जमिनीखालचं. शेजारणीने प्रेमाने पाठवलेलं ताट परत कसं करायचं, हा आपल्या घरांतला दर चतुर्थीचा पेच आहे. त्यात बहुतेक वर्षी दुसऱ्या दिवशी, पंचमीला, आपलं दशलक्षण सुरू होतं. श्वेतांबरांची संवत्सरी चतुर्थीला किंवा पंचमीला. म्हणजे शेजारी गणपतीवर माटोळी बांधलेली, तिच्यात आंबाडे, तोरिंजन, निरफणस, चिबूड, सुपारीचे घड, रानातली फळं लोंबताहेत, आणि आपण हिरवं सोडायच्या तयारीत.

म्हणून घरी खतखतें करायचं तर आदल्या दिवसापर्यंतच, आणि ते नीट विचार करून करावं. कंद काढून टाकले आणि उरलेलं शिजवलं तर पातळ, दात न लागणारी आमटी होते. कारण कंद तिथे चार कामं करत होते. वाटप शोषून घेणं हे पहिलं आणि मोठं. ते काम कच्चं केळं उत्तम करतं आणि निरफणस त्याहून चांगलं. निरफणसाचे दिवसही तेच, आषाढापासून भाद्रपदापर्यंत, म्हणजे ऋतूने सोय करून ठेवलीच आहे. केळं काळं पडू नये म्हणून काही जणी ताकात घालून ठेवतात. इथे पुढे डाळ आहे, तेव्हा ताक नको, मिठाच्या पाण्यात घालावं. दुसरं काम गोडीचं, रताळ्याचं. त्याला मक्याच्या कणसाचे तुकडे आणि तांबडा भोपळा. रस दाट करायचं काम डाळीवरच सोपवावं, मूठभर जास्त घ्यावी. चौथं काम मुळ्याचं, त्याचा तो उग्र, नाकात जाणारा तिखटपणा. त्याला पर्याय नाही. शेंगा घाला, पडवळ घाला, ती वेगळी चव आहे. तिरफळ वाढवून मुळ्याची भरपाई होते असं मी ऐकलंय. होत नाही, तोंड तेवढं बधिर होतं. सोडून द्यावं आणि पुढे जावं. आंबाडे घातले तर सोलं निम्मी करावीत. आंबाडा शिजताना उशिरा आंबट होतो, आणि घाईत सोलं घातली की मागाहून हात मारून घ्यायची वेळ येते.

हेच खतखतें फाल्गुनात करायचं म्हटलं तर निरफणस नाही, आंबाडे नाहीत, तवसं नाही. पण कोवळा फणस आहे, शेवग्याच्या शेंगा आहेत. कोवळा फणस वाटप केळ्यापेक्षा कमी शोषतो, म्हणून वाटप दाट ठेवायचं. तिरफळ सुकं असतं, ते बी काढून कोमट पाण्यात ठेचायचं. पुस्तकात या दोन खतखत्यांची एकच पाककृती असते आणि फाल्गुनातलीला ती भाद्रपदातली वाचावी लागते.

कुणी म्हणेल, बटाटा काढलेलं खतखतें हे खरं खतखतें नव्हे. याला माझं एक सरळ उत्तर आहे. बटाटा, रताळं, मका, मिरची, तांबडा भोपळा, पपई, अननस, काजू हे सगळं अमेरिका खंडातलं. १५१० साली पोर्तुगीज गोव्यात आले, त्याच्या नंतरच ते इथे पोचलं. त्याआधीही इथे माणसं भाज्या एकत्र शिजवत होती. कच्चं केळं, कोहाळा, पडवळ, शेवगा, आंबाडा आणि तूर तेव्हाही होती. सुरणही होता, हे कबूल करायला हवं. म्हणजे बटाटा काढणारी बाई गोव्याचं काही बिघडवत नाही, उशिरा आलेला पाहुणा तेवढा उठवते. मका आणि भोपळा मी वर सुचवले, ते पाहुणे राहू दिले, कारण त्यांना नियम आडवा येत नाही. शुद्ध मूळ रूप शोधायचा मला सोस नाही. पण 'तुमचं ते जैन, आमचं ते गोव्याचं' अशी जी वाटणी करतात तिला इतिहास साक्ष देत नाही एवढं सांगायचंय.

आणि आपणही या मातीला नवीन नाही. डिचोली तालुक्यातच कुडणे गावात जैन बसदीचे अवशेष आहेत, लोक त्याला गुजिर म्हणतात. नार्व्याचा जैनकोट आहे. फोंड्याकडे बांदिवड्याला नेमिनाथ बसदीच्या भिंती उभ्या आहेत. तिथे राहणारी, येणारी माणसं चार महिने काय खात होती ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. पण शेजारच्या कर्नाटकात एका जैनाने लिहिलं आहे. तिसऱ्या मंगरसाचं कन्नड 'सूपशास्त्र' सोळाव्या शतकाच्या आरंभीचं, पूर्ण शाकाहारी. त्यात वांग्याला, फणसाला, केळ्याला मोठी जागा दिलेली आहे. वांगं आपल्या बावीस अभक्ष्यांत येतं, तरी जैन लेखकाने त्याचे प्रकार हौसेने सांगितलेत. यावर कुणी नाक मुरडेल. मला मात्र तो माणूस आवडतो. त्याच्या प्रदेशात जे पिकत होतं ते त्याने जिन्नस धरून लावलं, एका फळाचे पंधरा-वीस प्रकार. एकच जिन्नस भरभरून येतो तेव्हा घरातल्या बाईपुढे हाच प्रश्न असतो. आजच्या आपल्या पुस्तकांत क्रम असतो सूप, स्टार्टर, भाजी, गोड. हॉटेलचं मेनूकार्ड.

हॉटेलचं नाव निघालंच तर आपल्या सामुदायिक जेवणांविषयीही बोलायला हवं. पारण्याला, पंचकल्याणकाला, मुनिमहाराजांच्या आगमनाला पंगती बसतात. गेल्या काही वर्षांत ताटात काय असतं? पनीर, काजूची दाट लाल रस्सा, गोठवलेले मटार, टोमॅटोचा लगदा. नियमात सगळं बसतं. कंद नाही, रात्र नाही, कुणी बोट ठेवू शकत नाही. पण गोव्यात भाद्रपदात बाहेर निरफणस झाडावरून पडतोय आणि आत आपण पिशवीतला मटार खातोय. गोठवलेला मटार हे बारा महिन्यांना एकच महिना करण्याचं यंत्र आहे. नियमाने ज्या ऋतूसाठी पिठाचे दिवस मोजले तो ऋतूच ताटातून निघून गेला, आणि आपण म्हणतो आम्ही नियम पाळला.

यात बायांवर दोष ठेवून मोकळं होणं सोपं आहे, म्हणून ते करणार नाही. पुरुमेंत हे बाईच्या पाठीवर उभं होतं. सोलं सात-आठ दिवस उन्हात आत-बाहेर करायची, मेच्या शेवटी वळीव आला की धावत जाऊन उचलायची, कावळे हाकायचे, मुंग्या बघायच्या. आपल्याकडे तर लोणचंही उन्हात तीन दिवस वाळवून फोड कडक झाल्याशिवाय चालत नाही. याला अंगण लागतं आणि घरात दिवसभर माणूस लागतं. डिचोलीतल्या नाहीतर मोपा विमानतळाच्या वाटेवर उठणाऱ्या इमारतींत दोन खोल्यांत राहणाऱ्या, सकाळी आठला बस पकडणाऱ्या सुनेकडे दोन्ही नाही. तिला 'आमच्या वेळी आम्ही सगळं घरी करत होतो' हे ऐकवू नये. सोलं बाजारात मिळतात. पेडण्याच्या बाजारात मे महिन्यात बायका स्वतः वाळवलेली विकतात, ती चार महिन्यांची एकदम घ्यावीत. चिमटीत धरून वाकवून बघावीत, ओली असली तर पावसात बुरशी येणार. अळसांदे घ्यावेत, आमशी घ्यावी. वाळवण दुसरीच्या अंगणातलं असलं तरी चालतं. फक्त ते मेमध्ये घ्यायचं हे कुणीतरी तिला एप्रिलमध्येच सांगायला हवं, आणि पाककृतीच्या पुस्तकाने ते सांगावं अशी माझी साधी अपेक्षा आहे.

मागणी करून थांबण्यापेक्षा एक नमुना देते. गोव्याचं सासव मी लिहिलं तर असं लिहीन.

सासव. हे बारा महिने होत नाही, नऊ महिने होतं. माघ-फाल्गुनात सांगली-तासगावकडची द्राक्षं येतात, त्यांचं करावं. चैत्र-वैशाखात घोटांचं, म्हणजे लहान रायवळ आंब्यांचं, बाठीसकट. ज्यांच्याकडे आर्द्रा पाळतात त्यांनी आंबा तिथे थांबवावा आणि अननस घ्यावा. भाद्रपद-आश्विनात पिकलेले आंबाडे. कार्तिकापासून पौषापर्यंत करू नये, त्या दिवसांत दुसरं पुष्कळ आहे. फळ दोन वाट्या. द्राक्षं कच्चीच घ्यावीत, अननस आणि आंबाडे गुळाच्या पाण्यात मऊ करावेत, घोटं नुसती सोलून थोडी चुरावीत. गूळ फळ चाखून घालावा, द्राक्षाला जवळजवळ नको, आंबाड्याला अर्धी वाटीही लागेल. एक वाटी ओलं खोबरं आणि दोन-तीन सुक्या मिरच्या वाटाव्यात, हरमलच्या असल्या तर रंग चांगला येतो. वाटण होत आलं की शेवटी पाऊण चमचा मोहरी घालून दोनच फेरे द्यावेत. फळाला लावावं, मीठ घालावं. घोटांचं आणि आंबाड्याचं एक उकळीपुरतं गरम करावं, द्राक्षाचं करू नये. चातुर्मासात कढीपत्त्याची फोडणी वगळावी, नुसती हिंगाची पुरते. केलेलं त्याच दिवशी, दिवस असेपर्यंत संपवावं. मोहरी जास्त वाटली गेली तर सासव कडू होतं आणि मग कितीही गूळ घातला तरी तो कडूपणा जात नाही.